सामानापाशी

“पँट जरा वर कर. ब्रेस दिसू दे तिला,” समीर म्हणाला.

सकाळची वेळ. थीम पार्कच्या गेटातून आत शिरल्यावर डाव्या हाताला गेस्ट सर्व्हिसेसचा काउंटर होता. काउंटरमागे मास्क लावलेली एक तरुण मुलगी. जमिनीवर अंतर राखून पिवळे गोल रंगवले होते आणि प्रत्येक गोलात एकेक कुटुंब उभं होतं. आमच्या मागे बरीच माणसं होती.

त्या मुलीनं ब्रेस बघायला मागितला नव्हता. पास कुणासाठी हवाय, एवढंच तिनं विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत समीरनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि “शी इज डिसेबल्ड. पोलिओ,” म्हणून सांगून टाकलं. मी व्हीलचेअरवर नव्हते. स्वतःच्या पायांवर उभी होते. तिला खोटं वाटेल अशी त्याला भीती. म्हणून मग मराठीत मला ती सूचना.

आणि मी वाकले. पँटची कड धरून गुडघ्यापर्यंत वर नेली. डावा पाय. काडीसारखी पोटरी, दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी लॉक. मिरजेत आम्ही त्याला कॅलिपर म्हणायचो, इथे सगळे ब्रेस म्हणतात. मागच्या गोलातल्या माणसानं पाहिलं आणि पटकन फोनमध्ये डोकं घातलं. काउंटरवरची मुलगी लाल झाली. हळू आवाजात म्हणाली, “यू डोन्ट हॅव टु शो मी दॅट.”

पास निघाला. गळ्यात अडकवायचं कार्ड. समीरनं अंगठा वर केला. मी पँट खाली सोडली तर ती लॉकमध्ये अडकली. पुन्हा वाकावं लागलं.

ही माणसं कोण ते सांगते. समीर आणि केतकी ब्रिस्बेनजवळच्या आमच्या टूवूंबाचेच. केतकी आणि मी इथल्या युनिव्हर्सिटीत एकत्र होतो, एका घरात राहिलो, एका कुकरमध्ये भात लावला. पुढे तिनं पुण्याच्या समीरशी लग्न केलं. तो आयटीत. ब्रिस्बेनच्या कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात टूवूंबातल्या मराठी लोकांचं पुढारपण करतो. गणपती, पॉटलक, व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळं त्याच्याकडे. त्यांचा मुलगा ओम तेरा वर्षांचा. माझी रेवा दहाची.

माझा नवरा कोविडच्या त्या वर्षी सांगलीत अडकला होता. सासरे शेवटच्या आजारात होते म्हणून खास परवानगी काढून गेला. सासरे गेले, आणि मग विमानंच बंद झाली. परतीचं तिकीट निघायचं आणि रद्द व्हायचं. इकडे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. स्वॅबचे क्रेटच्या क्रेट यायचे. शिफ्टला उशीर झाला की केतकी रेवाला शाळेतून घरी घेऊन जायची, जेवू घालायची. हे उपकार होते. मी ते विसरले नव्हते आणि तीही मला विसरू देत नव्हती.

सप्टेंबरच्या सुट्टीत न्यू साउथ वेल्सची बॉर्डर बंद होती. जायचं तर गोल्ड कोस्टलाच, आणि अख्खं क्वीन्सलँड तिकडेच निघालेलं. पार्कमध्ये माणसामाणसात अंतर, राइडमध्ये एक रांग सोडून एक रांग रिकामी, त्यामुळे लाइन हलेना म्हणून लोक फेसबुकवर बोंबलत होते. समीरनं कुठेतरी वाचलं की अपंगांना वेगळा पास मिळतो, लाइनमध्ये उभं राहावं लागत नाही, बरोबरच्या माणसांनाही आत सोडतात. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. “तू आणि रेवा चला आमच्याबरोबर. तुला सोडून कसं जायचं?”

याआधी ते तीनदा गेले होते. तीनही वेळा मला सोडूनच गेले होते. “तुला उगाच त्रास होईल गं,” असं केतकी म्हणायची आणि परत आल्यावर फोटो पाठवायची. या वेळी मला त्रास होणार नव्हता. का ते मला कळत होतं. मी काही दूधखुळी नाही. वर तो म्हणाला, “तुझीच गाडी घेऊ. तुझं परमिट आहे ना, गेटजवळ पार्किंग मिळतं.” म्हणजे गाडी माझी, परमिट माझं, पास माझा, आणि चला बरोबर म्हणणारा तो.

तरी मी हो म्हटलं. रेवा घरात नाचायला लागली होती, हे एक कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी सामानापाशी बसणारी मुलगी. प्रत्येक कुटुंबात अशी एक असते का मला माहीत नाही, आमच्यात मी होते. कुठेही गेलं की माणसं आपापली पिशवी, चप्पल, स्वेटर काढून माझ्यापाशी ठेवायची. “तू बस गं आरामात.” देवळात चपलांपाशी मी. लग्नात खोलीतल्या बॅगांपाशी मी. शाळेची सहल किल्ल्यावर गेली तेव्हा वर्गाचे सगळे डबे घेऊन पायथ्याच्या झाडाखाली मी, आणि वरून उतरताना पोरांचे आवाज. बाई म्हणाल्या, हिच्यामुळे किती सोय झाली. घरी येऊन मी ते आईला अभिमानानं सांगितलं होतं. आईनं पट्टे सोडून पायाला तेल लावलं.

आराम हा शब्द मला त्या वयापासून चावतो. ज्याला बाजूला ठेवायचं त्याला आराम कर म्हणतात.

गावच्या उरुसात मोठा पाळणा यायचा. लाकडी पेट्या, वर गेल्या की अख्खं गाव दिसतं म्हणायचे. माझी भावंडं दर वर्षी बसायची. मी खाली, मांडीवर भेंडबत्ताशाच्या पुड्या, भोवती सगळ्यांच्या चपला. एका वर्षी मी वडिलांना म्हटलं की मलापण बसायचंय. वडील पाळणेवाल्याशी बोलले. पाळणेवाल्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि मान हलवली. वडिलांनी मला आइस्कांडी घेऊन दिली. मी ती खाल्ली नाही. वितळून हातावर ओघळली, पुड्यांना लागली, आणि पुड्या ओल्या केल्या म्हणून मी बोलणी खाल्ली.

तर ते माझं कारण. आता मी चाळिशीला आलेली बाई, लॅबमध्ये माझ्या हाताखाली चार माणसं. लंचमध्ये मी पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडचे नियम वाचत होते. बहुतेक राइड मला बंद. एक मात्र होती. तळ्यावरून जाणारा रोलर कोस्टर, फार भयंकर नाही, लहान मुलांनाही चालतो. अटी साध्या. ताठ बसता यायला हवं, दोन्ही हातांनी धरता यायला हवं, गाडी मध्येच थांबली तर कठडा धरून पायऱ्या उतरता यायला हव्यात. हे तिन्ही मला जमतं. लॅबची लिफ्ट बंद पडते तेव्हा मागच्या जिन्यानंच मी उतरते. मी ठरवलं होतं, त्या एका राइडमध्ये मी बसणार. बोलले असते तर चर्चा झाली असती. माझ्या बाबतीत नेहमी चर्चा होते, मी सोडून सगळ्यांची.

दोन तासांहून जास्त मी गाडी चालवली. समीर पुढच्या सीटवर. एसी तो कमी-जास्त करत होता, गाणी तो बदलत होता, कुठली लेन घ्यायची तेही तो सांगत होता.

गेटपाशी लॉकरची भिंत होती. रेवानं विचारलं, “शुड वी गेट अ लॉकर?” केतकी हसून म्हणाली, “कशाला गं? तुझी मम्मा आहे ना.” सगळे हसले. मीही हसले. नेमकं तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण सकाळची वेळ, सगळे खुशीत, दिवस पुढे पडलेला. मी मूग गिळून बसले.

पहिल्या राइडला कळलं की पासलाही नियम आहे. ज्याचा पास, तो स्वतः बसणार असेल तरच बरोबरच्यांना सोडतात. समीर एक मिनिटही थांबला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, “सिंपल आहे. वरपर्यंत चल आमच्याबरोबर. वर गेल्यावर म्हण, मला बरं वाटत नाही, तुम्ही जा. ते काय हाकलून देतात का? पोरं बसलेली असतात तोवर.” त्याला याचं फार कौतुक वाटत होतं. सिस्टिममधली फट सापडली की आपल्या लोकांचा चेहरा जसा उजळतो तसा त्याचा उजळला होता.

लाइन चुकवून वर जायचा रस्ता म्हणजे उलटा रस्ता, बाहेर पडायचा. लांबच लांब रॅम्प, नागमोडी. मी तो चढले. वर जाऊन कपाळाला हात लावला आणि म्हटलं, मला बरं वाटत नाही. तिथली माणसं भली. खुर्ची आणू का, पाणी देऊ का विचारत होती. मी नको म्हटलं. चौघं बसली, दांडा खाली आला, गाडी सुटली. मी चार बॅगा, तीन टोप्या, जॅकेटं आणि बाटल्या घेऊन तोच रॅम्प उतरले आणि खाली बाकावर बसले. ते ओरडत, हसत, केस विस्कटून आले. “मस्त होती! चल, पुढची.”

पुढच्या राइडला तेच. तिच्या पुढच्या राइडलाही तेच. अपंग असून मला अपंगत्वाचं नाटक करावं लागत होतं, आणि तेही धडधाकट माणसांसाठी. पास माझे पाय वाचवावेत म्हणून होता. त्या दिवशी पाचजणांत सगळ्यांत जास्त मी चालले. जेवणाच्या वेळेपर्यंत नडगीवरचा पट्टा घासून कातडी सोलली होती. मोजा चिकट लागत होता. केतकीनं पुऱ्यांचा डबा उघडताना विचारलं, “दमलीस का गं?” आणि उत्तर यायच्या आत ओमला म्हणाली, “पटपट खा, अजून चार राइड राहिल्यात.”

दुपारी समीरनं नकाशा बघून सांगितलं की आता तळ्यावरची. माझी राइड. पाय दुखत होता तरी तिथला रॅम्प मी सगळ्यांच्या पुढे चढले.

वर प्लॅटफॉर्मवर एक पोरगेलासा अटेंडंट होता. गाडी येऊन उभी. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की एका रांगेत चौघंच, मागची रांग रिकामी ठेवायची आहे, म्हणजे तुमच्यातल्या एकाला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागेल.

त्याचं वाक्य संपायच्या आत केतकीनं तिची बॅग माझ्या खांद्याला लावली होती. समीरनं त्याची. ओमनं टोपी माझ्या हातात कोंबली. कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मग रेवा. माझी रेवा. तिनं पाण्याची बाटली माझ्या दुसऱ्या हातात दिली, जॅकेट काढून माझ्या दंडावर टाकलं. तिची नजर गाडीवर होती.

“मम्मा, यू होल्ड. यू आर नॉट गोइंग एनीवे.”

त्यात वाईट काही नव्हतं. ती रागावून बोलली नव्हती, हिणवूनही नाही. घरात आल्यावर किल्ल्या टेबलावर टाकाव्यात इतक्या सहज तिनं ते केलं. कुणी तिला शिकवलं नव्हतं. सकाळपासून पाहून पाहून ती शिकली होती की वस्तू कुठे ठेवायच्या. उद्या ती मोठी होईल आणि मला म्हणेल, तू बस आरामात.

मला तिथे जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी बॅगा एकेक करून खाली ठेवल्या. प्लॅटफॉर्मच्या फरशीवर. टोपी ठेवली, बाटली ठेवली, जॅकेट ठेवलं.

“मी बसणार आहे,” मी म्हटलं.

“कशात?” समीरनं विचारलं.

“यात.”

तो मास्कच्या आत हसला. “अगं, वेडी आहेस का? काही झालं तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू?” केतकीनं समजुतीचा सूर लावला. पुढच्या फेरीत बघू, आत्ता मुलांचं होऊन जाऊ दे. मी तिच्याकडे बघितलं नाही. अटेंडंटला इंग्लिशमध्ये सांगितलं की पास माझा आहे आणि मी बसणार आहे, या चौघांपैकी कोण थांबेल ते त्यांनी ठरवावं.

पोरगा गोंधळला नाही. त्यानं नियमाप्रमाणे विचारलं की पायऱ्या जमतील का. बाजूला दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा होता, कठडा लावलेला. “कॅन यू शो मी?” पलीकडच्या बाजूला नेहमीची लाइन होती. तासभर उभी असलेली माणसं. सगळ्यांना दुसरं बघायला काही नव्हतं.

चालून दाखव. हे मी जन्मभर ऐकलंय. शाळेत घालताना हेडमास्तरांनी केबिनमध्ये चालून दाखवायला लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी शिकाऊ पोरांसमोर. एक स्थळ आलं होतं तेव्हा मुलाच्या मावशीनं, चहाचा कप हातात धरून, जरा त्या दारापर्यंत जाऊन ये बघू. दर वेळी मी चालून दाखवलं ते दुसऱ्या कुणाच्या होकारासाठी. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःला काहीतरी हवं होतं. मी लॉक लावला. कठडा धरला. चांगला पाय आधी वर, मग कॅलिपरचा. उतरताना कॅलिपरचा आधी. नडगी जळत होती. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“ब्यूटिफुल,” पोरगा म्हणाला. “यू आर राइट टु गो.”

मी गाडीकडे वळले. सीट समोर होती. निळी, पाण्यानं जराशी ओली. माझा हात तिच्या पाठीवर टेकला.

तेव्हा मागून समीर बोलला.

“सॉरी मेट. शी इज नॉट सेफ. आय अॅम रिस्पॉन्सिबल फॉर हर.”

अटेंडंटचा हात थांबला. त्यानं रेडिओवर सुपरवायझरला बोलावलं. गाडी तशीच उभी. पलीकडची लाइन कुरकुरायला लागली. सुपरवायझर आला, पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं काय झालंय म्हणून विचारलं. समीरला विचारलं. मी समीरपेक्षा त्याच्या जवळ उभी होते. हिला चक्कर येते का, दांडा पोटावर चालेल का, हिला अटी समजल्या आहेत का, सगळं समीरला. आणि समीर उत्तरं देत होता, जबाबदार माणसासारखी मान हलवत.

मग सुपरवायझर म्हणाला की दुसऱ्या राइडवरच्या लोकांकडूनही त्याला कळलंय. पासवाल्या बाईंना सकाळपासून बरं नाही. प्रत्येक ठिकाणी वरपर्यंत येऊन परत गेल्या.

एकच वाक्य बोलायला हवं होतं समीरनं, की ते मीच तिला म्हणायला लावलं होतं. तो बुटांकडे बघत राहिला. केतकी बॅगेची चेन उघड-बंद करत राहिली. त्यांच्यासाठी मी बोललेलं खोटं माझ्याच मानेवर येऊन बसलं आणि ते दोघं बघत होते.

“आय वॉज नेव्हर सिक,” मी म्हटलं. “ही टोल्ड मी टु से इट. आस्क मी. व्हाय आर यू आस्किंग हिम?”

तेव्हा कुठे सुपरवायझर माझ्याकडे वळला. त्याचे डोळे मायाळू होते, त्याचाच मला जास्त राग आला. तो म्हणाला की तुमच्याच माणसानं काळजी बोलून दाखवली आहे, आता आज मी तुम्हाला बसवू शकत नाही. पुढच्या वेळी नक्की. “नो वरीज,” असंही म्हणाला. इथे माणसं नाही म्हणतानासुद्धा नो वरीज म्हणतात. मग त्यानं नियम सांगितला. पासवाली बसत नसेल तर बरोबरच्यांनाही या बाजूनं बसता येणार नाही. त्यांनी नेहमीच्या लाइनला लागावं.

आता मात्र समीरला वाचा फुटली. मराठीत, दात आवळून. “झालं समाधान? तुझ्या हट्टापायी पोरांचा दिवस गेला.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी होतं. “आम्ही तुला इतकं सांभाळून घेतो आणि तू अशी वागतेस?”

“सकाळपासून तुमचं सामान मी सांभाळतेय,” मी म्हटलं. “तुम्ही मला काय सांभाळलंत ते सांग.”

मी गळ्यातलं कार्ड काढलं. समीरचा हात आपोआप पुढे आला. कार्ड मी सुपरवायझरच्या हातात दिलं आणि म्हटलं, आज मला हे नको. रेवाचं जॅकेट उचलून रेवाच्या हातात दिलं. आणि चालायला लागले. मागून समीरची हाक आली, “अगं, बॅगा!” मी वळले नाही. अर्धा रॅम्प उतरले तरी तो हाका मारत होता.

रेवा धावत मागून आली. तिचा चेहरा रागानं फुगलेला. “यू रुइन्ड इट. एव्हरीवन वॉज लुकिंग.” मी तिला जवळ घेतलं नाही, समजूतही काढली नाही. मी म्हटलं, हो, आजचा दिवस वाया गेला. मी पण याच राइडसाठी आले होते. मला पण बसायचं होतं. ती म्हणाली, “यू नेव्हर सेड.” ते खरं होतं. मी रॅम्पवरच थांबले आणि तिला उरुसातला पाळणा सांगितला. आइस्कांडी, चपला, पुड्या, सगळं. पहिल्यांदा सांगितलं. तिनं ऐकलं. राग गेला नाही तिचा. पण जॅकेट तिनं स्वतःच्या कमरेला बांधलं.

मी समीरला मेसेज केला की पार्क बंद झाल्यावर गाडीपाशी या. त्यांनी लाइन लावली. बॅगा घेऊन बसता येत नाही, तेव्हा समीर आणि ओम बसले आणि केतकी बाहेर बाकावर बॅगांपाशी बसली. हे मला दुरून दिसलं. आनंद झाला असं म्हणणार नाही. दोन तास बसू दे तिला, एवढंच वाटलं.

संध्याकाळी समीर आला आणि सवयीनं पुढचं दार उघडलं.

“मागे,” मी म्हटलं. “पुढे रेवा बसेल.”

त्यानं गाडीच्या मागे जाऊन डिकीवर टकटक केलं. “डिकी उघड ना.”

“मांडीवर घ्या. आपापलं.”

“अगं, जागा आहे ना डिकीत.”

“आहे,” मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

तिघं मागे दाटीवाटीनं बसले, हनुवटीपर्यंत बॅगा. गोल्ड कोस्टपासून टूवूंबाचा घाट चढेपर्यंत एसी मला हवा तितका ठेवला. त्यांच्या घरापाशी उतरताना ओमनं तेवढं थँक्यू म्हटलं.

त्यानंतर केतकीनं रेवाला शाळेतून आणणं बंद केलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, पण दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण मला आलं नाही. मी लॅबमध्ये शिफ्ट बदलून मागितली, मिळाली नाही, तेव्हा रेवाला शाळेनंतरच्या पाळणाघरात घातलं. तिला तिथे आवडत नाही. संध्याकाळी गेटपाशी ती शेवटची उरलेली असते आणि त्याचं मला वाईट वाटतं. नवरा फोनवर म्हणाला, जाऊ दे ना, परक्या गावात माणसं तीच आहेत, एक सॉरी म्हणून टाक. मी त्याला विचारलं, कशाबद्दल? मी सॉरी म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात गाडीत रेवानं विचारलं, “आर वी गोइंग अगेन?”

“हो.”

“विथ देम?”

“नाही.”

“देन हू विल होल्ड द बॅग्ज?”

“लॉकर आहेत तिथे,” मी म्हटलं.

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघी जाणार आहोत. मी शॉर्ट्स घालणार आहे, म्हणजे कुणी मला पँट वर करायला सांगणार नाही. तोच पास घेईन, तो माझा आहे. तोच रॅम्प चढेन. ते पुन्हा म्हणतील की पायऱ्या चढून दाखवा. एकदा दाखवेन. दुसऱ्यांदा दाखवणार नाही. आणि माझ्याबद्दलचा प्रश्न कुणी माझ्या शेजारच्याला विचारला, तर मी त्या प्लॅटफॉर्मवरून हलणार नाही. गाडी थांबली तर थांबू दे. मागे कितीही मोठी लाइन असू दे.